हौद्याचा पावसाळा

५ मे, सोमवार

तह झाला. लेकीच्या, रेवाच्या साक्षीने, चहाच्या टेबलावर. नर्सरीच्या ट्रकच्या लाकडी हौद्याने हा पावसाळा काढला तर लखनौलाच राहायचं. नाही काढला तर ट्रक विकायचा, नर्सरी रामसजीवनला चालवायला द्यायची आणि पुण्याला, दादांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. फैसला दसऱ्याला.

दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे थोरले भाऊ. सुधीर (यापुढे सु., रोज पूर्ण नाव लिहायला मी काय लग्नपत्रिका छापतेय?) रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून पुण्याचा जप चालू आहे. मी बँक सोडून शहराबाहेर, बख्शी का तालाबला नर्सरी काढली तेव्हा म्हणाले होते, छंद आहे, होईल कमी. झाला नाही.

रेवा म्हणाली, "मम्मी, सीरियसली? एक डाले के ऊपर शहर डिसाइड कर रहे हो?" डाला म्हणजे हौदा. पोरीला मराठी सगळं समजतं, तोंडातून हिंदीच येतं.

गंमत अशी की लाकडातलं कळतं फक्त सु.ना. जुन्या वॅगनींच्या फळ्यांवर निम्मी नोकरी गेली. म्हणजे हौदा वाचवायचा तोही त्यांनीच, आणि वाचला की हरायचं तेही त्यांनीच. मी विचारलं, "मन लावून कराल ना?" एवढे दुखावले की चहा अर्धा टाकून उठले.

११ मे, रविवार

नर्सरीत सकाळी सकाळीच गेलो. सु. हौद्यात उकिडवे बसून एकेक फळी वाजवत होते. साखूचं, म्हणजे सालाचं लाकूड, मूळ चांगलं. दोष आमचा. कुंड्यांतून पाणी गळतं, माती कोपऱ्यांत साचते, ती ओली माती वर्षभर तशीच. "पावसाच्या नावाने कशाला रडतेस? तू रोजच पाऊस पाडतेस इथे." बरं.

रामसजीवन (आमचा ड्रायव्हर, माळी, आणि मनात आलं तर मॅनेजर) म्हणाला, "साहब, लोहे की चद्दर ठुकवा लीजिए ऊपर से। झंझट ही खतम।" सु. भडकले. पत्र्याखाली पाणी शिरतं, बाहेर पडत नाही, लाकूड खालून कुजतं आणि वरून सगळं छान दिसतं. शिवाय मे महिन्यात त्या पत्र्यावर रोपांची मुळं शिजतील. म्हणूनच तर मी लाकडी हौद्याचा ट्रक घेतला होता. हे मी बोलले नाही. त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटत होतं.

१९ मे, सोमवार

लू चालू आहे, भट्टीतून आल्यासारखा वारा. सगळं शहर तिला शिव्या देतं, सु. एकटे खूश. तारेच्या ब्रशने घासून धुतलेला हौदा तिच्यात खडखडीत वाळला. उन्हात चार वाजेपर्यंत उभे होते, डोक्याला ओला गमछा. रेल्वेत असताना साइटवर छत्री धरायला माणूस लागायचा!

मी ताक घेऊन गेले तर म्हणाले, "ही फट बघ. दोन फळ्यांमधली. हिच्यात अडकलेली माती काढ." बसले. संध्याकाळपर्यंत जुन्या चाकूने माती काढत बसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी असा दिवस गेला.

८ जून, रविवार

जवसाचं तेल. कोमट करून, टर्पेंटाईन घालून पातळ, कपड्याने चोळायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. पहिला हात फळ्यांच्या कापलेल्या टोकांना. लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं म्हणे. मी मधून सुरुवात केली होती, ओरडा खाल्ला.

तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत, आपोआप पेट घेतात. म्हणून सु.नी त्या निशातगंजच्या घरी आणून गच्चीत दोरीवर पसरून वाळत घातल्या, माझ्या परकरांच्या शेजारी. आता परकरांना जवसाचा वास. रेवा नाक दाबून, "पापा, घर में नाव बन रही है क्या?"

सु. म्हणाले, "होय, तुझ्या आईला कोकणात सोडायला."

हसले स्वतःच. पुणं म्हणाले नाहीत, हे मी टिपून ठेवलं.

२२ जून, रविवार

तेलाचे सगळे हात झाले. हौदा मधासारखा दिसतो. सु. रोज काहीतरी कारण काढून माझ्याबरोबर नर्सरीत येतात आणि हौद्यावरून हात फिरवतात. मी विचारलं, "हरायचंय ना तुम्हाला?"

"हरायचं की जिंकायचं ते नंतर. वाईट काम मी करत नाही."

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता: "पुण्यात ना, रस्त्यावर कुणाशीही मराठीत भांडता येतं. इथे भांडतानासुद्धा 'आप' म्हणावं लागतं."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. खरंच आहे ते. इतकी वर्षं माझ्यासाठी राहिले इथे, बदल्या टाळून. पण मी पुण्यात काय करू? बाल्कनीत चार कुंड्या? मला भीती वाटते, आणि ती मी त्यांना सांगत नाही, इथे लिहिते.

६ जुलै, रविवार

सु. पुण्याला गेले. दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शिवाय फ्लॅट बघणं. रामसजीवन धानाच्या रोपाईला, भातलावणीला, गावी. ऐन रोपांच्या दिवसांत! गिऱ्हाइकं स्कूटरवर रोपं नेताहेत, छावनीतल्या मेसच्या कुंड्या ई-रिक्षाने पाठवल्या. ट्रक उभा.

जाताना सु. म्हणाले, "हौद्याला काही करू नकोस. फक्त झाडून ठेव."

आभाळ काळं झालंय. उघडा कसा ठेवायचा? तेल लावून लावून माझे हात फाटले आणि वरून पाऊस बघत बसू?

७ जुलै, सोमवार

बांधला हौदा. नवी ताडपत्री, चारही बाजूंनी खाली ओढून, दोरीने आवळून, खाली विटा. पडवीला बाबा माडाच्या झापा बांधायचे तशी. गुहागरला आषाढात आमच्या घरात वारा शिरेल अशी एक फट राहायची नाही. दोरी ओढताना बाबांची गाठ आपोआप आली हाताला. आत मुंगी शिरणार नाही.

मग पाऊस आला. मी शेडमध्ये चहा पीत बघत बसले. काय बिशाद आहे थेंबाची!

१८ जुलै, शुक्रवार

पाऊस, मग ऊन. पुन्हा पाऊस, पुन्हा ऊन. उमस अशी की चष्मा पुसून पुसून हात दुखतो. रोज टेम्पोने जाते, ताडपत्रीवर एक थाप मारते, कोरडी ठणठणीत. उघडून बघायची गरजच काय.

सु.चा फोन. फ्लॅट छान आहे, नवव्या मजल्यावर, वारा आहे. सकाळी दादांबरोबर फिरायला जातात, टेकडीवर सगळे ओळखीचे होतात म्हणे. आवाज खुशीत. मी पण खुशीत बोलले. हौद्याचं विचारलं, "ठीक ना?" म्हटलं, एकदम.

२२ जुलै, मंगळवार

उद्या सु. येणार. रामसजीवनही आला. म्हटलं, उघडून, झाडून ठेवावा. एका बाजूची गाठ सोडली, ताडपत्री वर केली आणि वास आला. श्रावणातल्या माजघराचा. पावसाळी कपाट उघडलं की येतो तो. मी डोळे मिटून उभी राहिले. माहेर, बाबा, उकडलेल्या फणसाच्या आठळ्या... किती छान वाटलं.

मग लक्षात आलं हा वास कशाचा.

फळ्यांवर पांढरी बुरशी, खोबरं किसून पसरावं तशी. तेल लावलेला भाग काळा, चिकट. केबिनमागच्या कोपऱ्यात अळंबी उगवलेली. अळंबी! बोटाने दाबलं तर फळी पावासारखी दबली.

रामसजीवन डोक्याला हात लावून, "अरे मैडम जी, ये तो आपने भाप दे दी।"

रडले. त्याच्यासमोरच. तो बिचारा पाणी आणायला पळाला.

रेवाला सांगितलं. वर रंग मारला तर? असंही मी विचारलं. ती म्हणाली, "पापा से? लकड़ी में? मम्मी, बोल दो यार."

२३ जुलै, बुधवार

चारबाग स्टेशनहून येताना ऑटोतच सांगून टाकलं. सु.नी ऐकून घेतलं. घरी बॅग टाकली, हातपाय धुतले, आणि "चल."

हौद्यात चढून स्क्रू-ड्रायव्हरने टोचत टोचत गेले. मी खाली उभी.

"तीन फळ्या गेल्या. बाकीच्या वाचतील."

"म्हणजे जिंकलात तुम्ही."

"तुमच्याकडे पाऊस चार महिने आडवा येतो, सारखा. तिथे सगळं बंद करता ते बरोबर. इथे दोन दिवस पाऊस आणि चार दिवस वाफ. ताडपत्रीखाली इडल्या उकडल्यास तू." मग खाली उतरून दोरीकडे बघत, "ही गाठ कुणी शिकवली?"

"बाबांनी."

"चांगली आहे. सुटता सुटत नाही." आणि दोरी गुंडाळत, "फैसला दसऱ्याला ठरलाय ना? मग आत्ता जिंकलात-बिंकलात काय लावलंय?"

मी परत रडले. या वेळी बरं वाटून.

३ ऑगस्ट, रविवार

दोन फळ्या मिळाल्या. निशातगंजमागे जुनं घर पाडताहेत, तिथल्या चौकटींच्या. कित्येक उन्हाळे खाल्लेलं लाकूड, हलणार नाही. सु.नी रंधून, टोकांना तेल पाजून बसवल्या. तिसरीच्या मापाचं लाकूड नाही. तिथे तात्पुरती एक फळी, पॅकिंगच्या खोक्याची. वेडीवाकडी. ती बघितली की सु.चं तोंड आंबट होतं.

बुरशी घासून काढली, व्हिनेगर लावलं, उघडीप होती तेवढ्यात वाळवलं. आता ताडपत्री बांबूच्या आढ्यावर टाकलीय, घराच्या छपरासारखी, दोन्ही बाजू मोकळ्या. ट्रक उतारावर, फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, खाली सोडलेला. आत आलेलं पाणी आपलं आपण निघून जातं. वारा सरळ आरपार.

रामसजीवन फाळक्यावर बसून डबा खातो. म्हणे इथेच सगळ्यात थंड.

१७ ऑगस्ट, रविवार

मोठा पाऊस. आम्ही दोघं हौद्यात बसलो होतो, छपराखाली. भुट्टे खाल्ले. सु. पुण्याच्या टेकडीबद्दल सांगत होते, मी ऐकत होते. खरंच छान असेल. एकदाही त्यांनी "चल" म्हटलं नाही, मी एकदाही "नको" म्हटलं नाही. पाणी फटींतून खाली गळत होतं आणि सु. त्याच्याकडे, दुसऱ्या माणसाने क्रिकेट बघावं तसं, बघत होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

हौदा ठीक. छावनीत मेसला रोपं पोचवली, परत आल्यावर लगेच झाडला. सवय झालीय. नाही झाडला तर सु. झाडतात आणि मग चार लोकांत सांगतात.

दादांचा फोन, फ्लॅटवाला घाई करतोय. सु. म्हणाले, दसऱ्यानंतर सांगतो.

दसऱ्याला किती दिवस उरले ते हल्ली मी रोज कॅलेंडरवर मोजते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ट्रकची पूजा. हौद्याला झेंडूच्या माळा, फाळक्यावर स्वस्तिक. आपटा इथे मिळत नाही. दरवर्षीप्रमाणे कचनारची पानं, दिसतात तशीच. रेवाने पान हातात ठेवून पाया पडल्यावर मराठीत म्हटलं, "सोन्यासारखे राहा." वर्षातून एकच वाक्य, पण स्वच्छ.

मग तीच म्हणाली, "चलो, जजमेंट।"

सु. हौद्यात चढले. टाच आपटत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. माझा जीव त्या टाचेत. बादलीभर पाणी ओतलं, गेलं सरसर. खोक्याच्या फळीपाशी थांबले. पायाने दाबली. ती कुरकुरली.

"पापा? पास या फेल?"

"एक फळी राहिलीय. अर्धवट कामाचा निकाल लावत नाहीत." आणि पेढा तोंडात टाकला.

रेवा, "ये चीटिंग है!" मला काहीच कळेना, हसावं का रागवावं. माळेतलं एक झेंडूचं फूल घेऊन आले घरी, ते इथे पानात दाबून ठेवतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

मी नर्सरीत पोचले तर सु. माझ्याआधी हजर. ठेल्यावरून साखूच्या फळ्या उतरवून घेत होते. ताज्या कापलेल्या, लालसर, ओल्या. लागत होती एक, आणल्या दहा-बारा. कडुनिंबाखाली विटांवर रचल्या, प्रत्येक दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळायला.

"एवढ्या कशाला?"

"एक कच्ची निघाली तर? शिवाय बाजूच्याही जुन्या झाल्यात."

"कधी बसवणार?"

"आत्ता कशा बसवणार? ओलं लाकूड आहे. एक उन्हाळा, एक पावसाळा तरी खायला हवा."

मी आधीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत राहिले.

दुपारी दादांचा फोन, सु.नी तिथेच उभ्याने घेतला. ऐकू आलं तेवढं: "हो रे, ठरवायचंय... नाही, अजून वाळल्या नाहीत... अरे, फळ्या." पलीकडे दादा काय समजले कुणास ठाऊक. फोन ठेवून सु. परत पट्ट्या सरळ करायला बसले.

निघताना आभाळ भरून आलं, अवेळी. मी ताडपत्री घेऊन फळ्यांच्या थप्पीकडे धावले. शेडमधून आवाज आला,

"बाजू उघड्या ठेव गं!"