मान वळवलेला मिठू

१२ जानेवारी १९९९, मोखाडा

पहिला पाक करपला. लाकडं ओली होती. दुसरा घाणा बरा उतरला. साखरेचे हिरवे मिठू, बुडाशी भोक नीट पडलेलं. एक पेन्सिलीच्या टोकावर बसवून पाहिला. घट्ट बसला.

मधल्या सुटीत शाळेसमोर टोपली लावली. आश्रमशाळेच्या पोरी आल्या. पेन्सिल चावायची सवय सगळ्यांनाच. मिठू बसवला की लिहितातही आणि चोखतातही. बाई आज पुन्हा रागावल्या. वह्यांना चिकट बोटं लागतात म्हणे. लागतात, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर कुणाशी बोलणं नाही. आईची खाट अजून तिथेच आहे. आई जाऊन वर्ष होत आलं, पण खाट हलवायला दुसरं माणूस लागतं.

१४ जाने. संक्रांत

जव्हारला दादाकडे. वहिनीचं हळदीकुंकू. कचेरीतल्या बायका, शिक्षिका, सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत. माझ्यापाशी आल्यावर वहिनीचा हात क्षणभर थांबला. हे मला आईकडे ठेवून सुरतेला कामाला म्हणून गेले त्याला तिसरं वर्ष. पैसा नाही, निरोप नाही. आहेत की नाहीत हेच कुणाला ठाऊक नाही, मग मला कुंकू लावायचं की नाही? शेवटी लावलं. वाण दिलं. पण बायकांनी पाहिलंच.

दादा सोडायला स्टँडपर्यंत आला. "तिथं एकटी काय करतेस? इथं ये. मुलांना सांभाळशील, हिलाही मदत होईल."

म्हटलं, बघते.

त्याला मला त्या घरात कामाला ठेवायचं आहे असं नाही, दादा तसा नाही. पण शेवटी तेच होईल.

३० जाने.

थंडी फार. शेजारची पारूबाई शेकायला आली. माझ्या चुलीपाशीच बसते, तिच्या घराला वारा लागतो. मिठूचा साचा हातात घेऊन उलटासुलटा केला. "यो कुनी केला?"

"माझ्या नवऱ्याने."

"बेस केला," म्हणाली आणि खाली ठेवला. पुढं काही विचारलं नाही. म्हणून ती आवडते.

ती गेल्यावर आठवत बसले. भिवंडीत हे गोळ्यांच्या कारखान्यात साचे करायचे. आमचा नितू पहिलीत. पेन्सिलीचं टोक चावून चावून पार कुंचा करायचा. मी मारलंसुद्धा त्यावरून. ह्यांनी मग पितळेचा दोन भागांचा साचा केला, मधे सळई. सळई काढली की भोक. पेन्सिलीवर पहिला मिठू बसवला तर नितू म्हणाला, हा भिंतीकडे काय बघतो? मी लिहितो ते बघायला पाहिजे याने. ह्यांनी पुन्हा साचा कोरला. मिठूची मान मागे वळवली. लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघणारा मिठू. कारखान्याच्या मालकाला नाही आवडला, म्हणून साचा घरीच राहिला.

त्या पावसाळ्यात नितूला कावीळ झाली. त्यातून उठला नाही.

आता नको लिहायला.

९ फेब्रु.



चंद्री आज शाळेत परत आली. तिचे आईबाप नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जातात, ती पण गेली होती. टोपलीपाशी येऊन म्हणाली, "मावशी, तुमचा मिठू तिकडं बी मिळतो. कागदात घातलेला."

दप्तरातून काढून दाखवला. चकचकीत कागद, आत लाल मिठू. बुडाला भोक.

मान मागे वळलेली.

मी तिला माझे दोन दिले आणि तो मागून घेतला. ती खूश झाली. टोपली उचलून तशीच घरी आले, सुटी संपायच्या आधीच.

१० फेब्रु.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. माझा हिरवा, तो लाल. तो जरा लहान, पंखावरच्या रेघा जास्त बारीक. साचा नवा आहे. पण मान तीच. डोळ्याखालची ती खाचही तीच, ह्यांची पटाशी तिथं नेहमी आत जाते.

जिवंत आहेत.

चूल पेटवली नाही.

१३ फेब्रु.

फोनच्या टपरीवरून दादाला कचेरीत फोन केला. म्हणाला, "अगं, साचे विकले जातात. कुणी नक्कल केली असेल. गोळीवरून माणूस सापडतो होय?"

"ही मान दुसरं कुणी करणार नाही."

दादा म्हणाला, "आणि समजा असलाच. नाशिकला राहून तुझ्याकडे आला नाही, हे कळून तुला काय मिळणार आहे?"

मागे रांगेत माणसं उभी होती. फोन ठेवला.



१६ फेब्रु.

पारूबाईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "मंग जा ना."

"आणि दुसरी बाई असली तर?"

"मंग बघून ये. हितं बसून रोजच दुसरी बाई दिसल तुला."

परवा जाते.

१८ फेब्रु.

पहिल्या गाडीने नाशिक. वाटेत त्र्यंबकला पिशवीतला लाल मिठू पुन्हा काढून पाहिला. घाऊक गोळ्या-बिस्किटांच्या दुकानांतून लाल मिठू दाखवत फिरले. पहिले दोघे बघायलाही तयार नाहीत. तिसरा म्हणाला, "हा होय. पेन्सिलवाला. शाळेच्या पोरांत फार चालतो. गावाबाहेर शेड आहे त्यांची." रिक्षावाल्याला त्यानेच समजावून सांगितलं.

पत्र्याची शेड. लांबूनच साखरेचा वास. आत बायका कागद गुंडाळत बसलेल्या. खिडकीपाशी स्टुलावर एक माणूस कानस चालवत होता. पाठमोरा. मी पाठीवरूनच ओळखलं. केस मात्र पिकलेले.

दारातच उभी राहिले. एका बाईने सांगितलं, "मिस्त्री, कुणीतरी आलंय."

वळले. कानस खाली ठेवली. "तू?"

मग म्हणाले, "पाणी देऊ?"

मी इतकी वर्षं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. पाणी प्यायले.

बाहेर साखरेच्या पोत्यांवर बसलो.

"जिवंत आहात एवढं तरी कळवायचं."

"काय कळवणार?"

"हेच."

मग सांगितलं. सुरतेला कापडाच्या कारखान्यात होते, जमलं नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने इथे.

"इथून मोखाडा किती लांब आहे हो? मी सकाळी निघाले नि आले."

"माहीत आहे. गेलो होतो स्टँडवर. एकदा नाही, दोनदा. गाडी लागलेली होती."

"मग?"

"चढलो नाही."

म्हटलं, का? तर बोटांवरचा पितळेचा कीस झाडत बसले. एवढ्या वेळात माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

मी पिशवीतून लाल मिठू काढला. "हा का केलात?"

"मालक म्हणाला पेन्सिलीवर बसणारं काही येतं का. येत होतं."

"पण मान?"

"मला दुसऱ्या तऱ्हेने करताच येत नाही."

राहायची जागा दाखवली, शेडच्या मागे. एक ताट, एक पातेलं, एक पांघरूण. दोरीवर एकच सदरा. दुसऱ्या बाईचं विचारायचं होतं, ते विचारलं नाही.

निघताना म्हणाले, "इथंच ये ना. पॅकिंगला बायका लागतात. खोली बघतो."

"मला न्यायला का आला नाहीत, ते आधी सांगा."

"पाडव्याला येतो," एवढंच म्हणाले.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. राग येत होता. माणूस सापडल्याचा आनंद होत होता, त्या आनंदाचा जास्त राग येत होता.

१९ फेब्रु.

पारूबाई सकाळीच दारात. "गवसला का?"

"गवसला."

"दुसरी बाई?"

"नाही."

"मंग तोंड असा कां?"

दुसरी बाई असती तर भांडले असते. एकटाच राहतो, आणि तरी आला नाही. याच्याशी कसं भांडायचं? पारूबाईने निखारे घेतले आणि गेली.

२ मार्च, शिमगा

गाठ्यांचं काम चालू. लाकडी साचे आईच्या वेळचे. होळीला पोरांच्या गळ्यात घालायला, पाडव्याला गुढीला, गाठ्या सगळ्यांनाच लागतात. मिठूला सध्या सुट्टी.

दादा-वहिनी आले होते. दादा भडकलेला. "टाकून गेलेल्या माणसाच्या दारात तू आपण होऊन गेलीस?"

"बघायला गेले."

"आता तो म्हणेल ये, की तू जाशील."

"तो म्हणाला ये. मी आले परत."

दादाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाईट वाटलं माझ्यासाठी, पण कशाचं वाईट वाटून घ्यायचं ते त्यालाही कळेना. अंगणात जाऊन उभा राहिला.

वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "वन्सं, आता कुंकू ठसठशीत लावा हो."

तिला चांगलंच म्हणायचं होतं. मला मात्र भाकरी थापता थापता रडू आलं. तीही रडली. दोघींची कारणं वेगळी.

रात्रभर गावात ढोल वाजणार. दारं लावून घेतली.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली. एकटीनेच. काठी जड असते.

आले नाहीत.

सगळ्या गाड्या बघितल्या. शेवटी स्टँडवरचा रसवंतीवाला म्हणाला, "ताई, कुणाची वाट बघता?" त्याला सांगितलं, पार्सल यायचं आहे.

१९ मार्च

काही नाही. टोपली नेली नाही.

२३ मार्च

आज आले. जीपने, मधल्या सुटीच्या वेळी. मी शाळेसमोरच होते. जीपमधून उतरून तिथेच, रस्त्याच्या पलीकडे थांबले. पोरी माझ्याभोवती गोळा झालेल्या. चंद्री पायरीवर बसून काहीतरी उतरवून घेत होती, पेन्सिलीवर मिठू, जीभ बाहेर काढलेली. हे तिच्याकडेच बघत राहिले. घंटा झाली, सगळ्या आत पळाल्या, तरी रस्ता ओलांडला नाही. मीच गेले.

घरी येऊन हे आईच्या खाटेवर बसले आणि बसल्या बसल्या झोपून गेले. माझ्या घरात माणूस झोपलेलं आहे, श्वास ऐकू येतो आहे, याची सवय राहिलेली नाही. भांडं ठेवतानाही जपून ठेवत होते.

उठल्यावर चहा दिला. आज विचारायचंच ठरवलं होतं.

"पाडव्याला का नाही आलात?"

"आलो होतो. त्र्यंबकपर्यंत. तिथून परत गेलो."

"अहो, का पण?"

"तू एकटीच असशील दारात," म्हणाले. "इथं यायचं म्हणजे ते डोळ्यांनी बघायचं. तिकडे असलो की वाटतं, तुम्ही दोघं इथं आहात. मी कामाला बाहेर आहे, एवढंच."

मी इथे रोज एकटी उठत होते, आणि तिकडे ह्यांच्या डोक्यात माझ्याजवळ नितू होता. मला राग यायला हवा होता. आला पण. म्हटलं, "तुमचं तिकडे भागलं. माझं काय? मला तर रोज दिसत होतं."

तेव्हा हे रडले. भिवंडीत रडले नव्हते, सगळं झालं तेव्हासुद्धा नाही. मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं का कळत नाही. मग गेले.

नंतर पारूबाई निखारे न्यायला आली, ह्यांना बघून दारातूनच मागे फिरली. पुन्हा आली ती नागलीची भाकरी आणि भाजी घेऊन. "पावना आहा म्हणून." ठेवून लगेच गेली. आम्ही जेवलो. नितूबद्दल बोललो, थोडंच. त्याला गुळाचा चहा आवडायचा हे मी विसरले होते, ह्यांना आठवत होतं.

शेवटच्या जीपला निघाले. उद्या काम आहे. स्टँडवर पुन्हा विचारलं, "येतेस?"

"परीक्षा होईपर्यंत पोरी आहेत इथे."

"मग?"

"मग बघू. तुम्ही या आधी. घरापर्यंत या, त्र्यंबकपर्यंत नको."

ह्यांनी मान डोलावली. जीप भरली होती, मागे लटकूनच गेले. एक हात वर दांडीला, त्यामुळे हात हलवता आला नाही.

अंधार पडायच्या आत घरी आले. खाटेवर चादर चुरगळलेली आहे. झटकली नाही अजून. पारूबाईच्या हाकेला ओ दिली, पण गेले नाही. सकाळी जाईन.