हवेलीतली सून मीच आहे, आई

आई, आधी गुन्हा सांगून टाकतो, मग बाकीचं. गेलं वर्षभर मी बाबांना रोज दुपारी फसवतोय. तुझी ती हवेलीची सीरियल आता टीव्हीवर लागत नाही, कॅसेटवर पण लागत नाही. ती मी लावतो. टीव्हीच्या स्टँडमागे पाय पोटाशी घेऊन बसतो, तोंडासमोर तांब्या धरतो म्हणजे आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि हवेलीतली सून होतो. सासू पण मीच. दिवसा कधीच न दिसणारे थोरले मालक पण मीच. वीज कडाडते ती आपली मोठी परात, आणि दार करकरतं ते तुझं लोखंडी कपाट, ज्याला तेल घाल म्हणून तू बाबांना इतकी वर्षं सांगायचीस. बरं झालं नाही घातलं.

बाबा समोर खुर्चीत बसून ऐकतात. शुगरने त्यांचे डोळे गेले, आता फक्त उजेड आणि सावली कळते. कान मात्र अजून मांजरासारखे आहेत. त्यामुळे मला आधी व्हीसीआरचं झाकण खटकन उघडून बंद करावं लागतं, मग मोबाइलवर सीरियलचं म्युझिक लावावं लागतं, मग मागे सरकायचं. एकदा मला सर्दी होती. एपिसोड संपल्यावर बाबा बोलले, "आज सुनेला पडसं जालंय वाटतं." मी बोललो, "हवेलीत थंडी आहे ना." ते बोलले, "मंग तिला काढा दे बोल कुनाला तरी." आता यावर काय करायचं सांग. दुसऱ्या दिवशी सासूने सुनेला काढा दिला.

तुझी रेकॉर्डिंग मला लख्ख आठवते. बोनकोड्याचं घर, किचनमधून समोरच्या खोलीतला टीव्ही दिसायचा, पण तू व्हीसीआर किचनच्या दारातच स्टुलावर आणून ठेवला होतास. वायर एवढी ताणलेली की आम्ही सगळे ती ओलांडून चालायचो. तुझे दोन्ही हात पिठात. जाहिरात लागली की तू कोपराने पॉज दाबायचीस, जाहिरात संपली की परत कोपर. अख्ख्या गावात कोपराने कॅसेट बनवणारी बाई तू एकटीच असशील. संध्याकाळी शेजारच्या काक्या यायच्या, "वयनी, कालचं लाव ना गं, लाइट गेलती आमची." आणि तू राणीसारखी दिवाणातून कॅसेट काढायचीस. तेच दर वेळी. घाटातली हवेली, धुकं, भिंतीवरच्या फोटोतले डोळे हलतात, सून बॅग भरून पळून जायला निघते आणि दार बंद होतं. वर्षानुवर्षं ती बाई त्या दारापर्यंतच गेली. मी तेव्हाच बोललो होतो, खिडकीतून उडी मार ना बाई. तू बोललीस, "तुला काय कलतंय, तिचा संसार हाय आत."

आणि ते माझं कांड. कॅलेंडरवरच्या मिशीवाल्या राजाचे डोळे मी ब्लेडने कापले, कॅलेंडर किचनच्या खिडकीच्या गजांना टांगलं आणि बाहेरून माझे डोळे लावून उभा राहिलो. त्याच वेळी थोरले मालक पहिल्यांदाच जिन्यावर आले होते. सुनेने विचारलं, मला का कोंडलंत. मी गज वाजवला, तू श्वास रोखून वळलीस आणि समोर राजाने डोळे फिरवले. तू जी किंकाळी फोडलीस ती हवेलीत पण कुणी फोडली नव्हती. लाटणं गजावर येऊन आदळलं. मग तू ओळखलंस, हसलीस, मग तुला दिसलं की कोपर लागून पॉज दाबला गेलाय आणि सीन निघून गेलाय. हसू तिथेच थांबलं. "ती का अडकली ते आता मना जल्मभर कलनार नाय," तू बोललीस, "तुज्यामुलं." दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मास्तर मारायचे ते मला लागायचं नाही, पण ते बोलणं लागलं. मी तेव्हा तसं दाखवलं नाही, दारामागून भॉक करत फिरलो.

मग तू दवाखान्यात, आणि इथे सीरियलचा शेवटचा आठवडा. बाबांची कंपनीत दुपारपाळी, त्यांनी ती सीरियल कधी एक मिनिट पाहिलेली नव्हती. तू त्यांना सलाइन लावलेल्या हाताने बटणं समजावून सांगितलीस. ते रजा टाकून घरी आले, दोन वाजता बटण दाबलं, कॅसेटवर स्वतःच्या अक्षरात 'शेवट' लिहिलं. तुला ती बघायला मिळाली नाही. तुझं तेरावं झाल्यावर त्यांनी लावली. टीव्ही बरोबर चॅनलवर होता गं, पण व्हीसीआरचा नंबर वेगळा असतो हे त्यांना कोण सांगणार. अख्खा आठवडा कोळंबी कशी पाळायची याचा कार्यक्रम भरला होता. बाबा शेवटपर्यंत बघत बसले. तळ्यात चुना किती टाकायचा ते त्यांना अजून पाठ आहे.

डोळे गेल्यावर ते एक दिवस बोलले, "तुजे आयच्या कॅसेटी लाव रं. बघता नाय येनार, आयकीन." पहिल्यापासून लावल्या. घरभर सुकटीचा वास सुटला. कारण तू दर उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सुकट घालायचीस आणि त्यांच्याच शेजारी जुन्या साडीखाली कॅसेटी. वाळवणासारख्या. बाबा वास घेत बोलले, "आली बघ." एपिसोड नाही, तू. मग काही महिन्यांनी व्हीसीआरने एक कॅसेट चावली आणि स्वतः पण मेला. दुरुस्त करणारा कुणी मिळेना, वाशीपासून पनवेलपर्यंत सगळे माझ्याकडे बघून हसले. आणि बाबा खुर्चीत बसलेले, दोन वाजलेले. तर मी आपली मस्करी केली. मागे बसलो, बारीक आवाज काढला, "सासूबाई, मी निघाले हो." वाटलं आता शिवी पडेल, मग दोघं हसू. बाबा बोलले, "शू. आवाज वाढव जरा."

बस, तिथेच दार बंद झालं माझं.

तेव्हा मला सीवूड्सच्या मॉलमध्ये नोकरी होती. भुताची. तिथे एक भूतबंगला होता, तिकीट काढून लोक अंधारात यायचे आणि मी कपाटातून पडायचो. शाळेत जे केलं म्हणून बाहेर उभं करायचे, त्याचाच मला पगार मिळत होता. दुपारची शिफ्ट मी सोडायला लागलो तर सुपरवायझर बोलला, "भाऊ, भुताला हाफ डे नसतो." सोडली. आता सकाळी पार्सल पोचवतो आणि दीडला घरी. मित्र लोणावळ्याला जातात, मी नाही. चुलतभावाच्या हळदीला दुपारी सगळे नाचत होते आणि मी गच्चीवरून घड्याळ बघत होतो. लोकांना वाटतं बापाची सेवा करतो. शेजारच्या काकू तर बोलल्या, "श्रावणबाळ आहे अगदी." त्यांना काय माहीत, श्रावणबाळ आत पदर खोचून रडतोय.

मी विचार केला, संपवून टाकू ना. सून पळाली, हवेली जळाली, खेळ खलास. त्याच आठवड्यात जेवताना बाबा सहज बोलले, "शेवट काय होतो तेवढा कलला की मी सुटलो. तुजे आयला जाऊन सांगीन. तीच वाट बघत असल." भाकरीचा तुकडा मोडता मोडता बोलले, जसं कुणी बोलतं की बाजारात जाऊन येतो. मी बोललो, "अजून खूप एपिसोड आहेत बाबा. एका माणसाकडून पुढच्या सगळ्या कॅसेटी मिळाल्यात." थाप. मग त्या दिवसापासून सुनेला जुळी बहीण झाली, तळघराखाली अजून एक तळघर निघालं, मेलेला दिवाणजी परत आला. आई, मी बारावीला मराठीत नापास झालेला माणूस आहे. मला रोज एक एपिसोड सुचवावा लागतो.

शेवटी खरंच असा माणूस आहे का म्हणून शोधायला निघालो. ही सीरियल जमवणारे लोक असतात, त्यांचा ग्रुप पण आहे. त्यातले एक रिटायर्ड काका खारघरला, मोठ्या टॉवरमध्ये. बेडरूममध्ये फक्त कॅसेटी आणि त्यांच्यासाठी एसी, काकू हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम. "त्यांना बुरशी लागते म्हणून थंडीत, मला काय लागत नाही," काकू चहा देताना बोलल्या. एवढं करून काकांच्या अर्ध्या कॅसेटींना पांढरी बुरशी आलीच होती, खाडीची हवा. तुझ्या मी दोन नेल्या होत्या. काकांनी खिडकीपाशी धरून बघितल्या. एक ठिपका नाही. मग नाक लावलं. "हा कसला वास?" मी सांगितलं. "उन्हात? कॅसेटी? सुकटीबरोबर?" त्यांचा चेहरा असा झाला जसं मी बोललो की आई बाळाला तळायला टाकायची. "असं कधी करू नये हो. खराब होतात त्या." काकू बोलल्या, "अहो, पण झाल्या का?" काकांनी दोन्ही कॅसेटी पुसून माझ्या हातात दिल्या.

त्यांच्याकडे चालू व्हीसीआर होता. मी आधी जिन्यावरचा सीन मागितला. हो, तोच. सापडला. तू श्वास रोखलास तसा मी पण रोखला. थोरले मालक जिन्यावर उभे राहिले, सुनेने विचारलं, मला का कोंडलंत, आणि ते बोलले, "जेवून घे. थंड होतंय." आणि वर निघून गेले. एवढंच. ज्याच्यासाठी दोन दिवस अबोला, ते एवढंच होतं गं. मग शेवटचा एपिसोड. सून दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि खाली अक्षरं आली, क्रमशः. मी बोललो, पुढची लावा. काका बोलले, "पुढची नाही. शेवटचा आठवडा म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात चॅनलच बंद पडलं. ती अजून तिथेच उभी आहे."

परत येताना मेट्रोत मला एकट्याला हसू येत होतं. तुझं काहीच हुकलं नव्हतं. बाबांनी बरोबर बटण दाबलं असतं तरी शेवट मिळाला नसताच. हे त्यांना सांगून टाकावं, असं दारापर्यंत ठरवलं होतं. पण ते चपलांच्या आवाजावरून बोलले, "आलास? दोन वाजाय आले." नाही सांगितलं.

मग मागच्या महिन्यात त्या भूतबंगल्यावाल्याचा फोन आला. पुण्यात नवीन उघडतोय, सगळ्या भुतांवर मला ठेवायचंय, राहायची सोय, लगेच ये. त्या दुपारी स्टँडमागे बसलो तर माझे गुडघे भिंतीला लागत होते, तोंडात तांब्याचा वास, आणि माझं डोकं सटकलं. बोललो, बस. सुनेने बॅग उचलली. सासू आडवी आली नाही. मालक आले नाहीत. मी हात लांब करून कपाटाचं दार सावकाश, पूर्ण उघडलं, कधीच उघडलं नव्हतं तेवढं. करकर बराच वेळ चालली. मग मी सुनेच्या आवाजात बोललो, "बाहेर ऊन आहे."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "थांबव रं जरा," ते बोलले. "मना तो पांढरा शर्ट दे. असा बनेनवर कसा जाऊ."

आई, मी मागून बाहेर आलो. त्यांनी विचारलं पण नाही की मी तिथे काय करतोय. हात पुढे करून बसले होते, शर्टाची वाट बघत. चेहरा एकदम निवांत, जसं तू खाली रिक्षा घेऊन थांबली आहेस. मी परत मागे पळालो, कपाट धाडकन आपटलं, परात हलवली, मालकांच्या आवाजात ओरडलो, "थांब! जेवून घे!" बाबा वैतागले. "काय बाई हाय, गेली परत आत!" मग थोड्या वेळाने, "च्या टाक." मी चहा टाकला, साखर न घालता. पुण्याला नाही बोललो.

हे पत्र कुठे टाकणार, तुला काय पत्ता आहे? 'शेवट' लिहिलेल्या कॅसेटच्या कव्हरात घालून दिवाणात ठेवतो, कोळंबीसोबत. फक्त एक ऐक. बाबा कधी तिकडे आले आणि तुला शेवट सांगायला लागले, तर तो माझा बनवलेला असेल, जुळ्या बहिणी असतील, दोन तळघरं असतील. तू हसू नकोस. मना म्हाईत हाय, असं पण बोलू नकोस. मग काय जालं, असं विचारत राहा. आणि एक गोष्ट मी वर लिहिताना गाळली. मी मागून बाहेर आलो तो त्यांना थांबवायला नव्हतो आलो. कपाट उघडंच होतं. मी तो पांढरा शर्ट हँगरवरून काढला होता, वरचं बटण पण सोडलं होतं, त्यांच्या हातात द्यायला दोन पावलं पुढे गेलो होतो. हे त्यांना सांगू नकोस आई. पाया पडतो तुझ्या, कुणालाच सांगू नकोस.