टोमॅटोच्या दोन ओळी

मा. तपासनीस साहेबांस,

सविनय तक्रार अशी, की आपल्या कचेरीतलं पेन वीतभर दोरीने टेबलाला बांधलेलं आहे. सही करताना माणसाला साष्टांग नमस्कारच घडतो.

त्याच पेनाने मी लिहून दिलं, की सेंद्रिय शेतीचं अनुदान घेणाऱ्या आमच्या बारा जणांच्या गटात कोणीही रासायनिक औषध मारलेलं नाही. मावा पडला तेव्हा टोमॅटोच्या दोन ओळींवर मीच मारलं होतं. धीर सुटला, एवढंच.

बायको म्हणते, "गुरुजी, जन्मभर पोरांकडून सत्याचे श्लोक घोकून घेतलेत ना? आता बोला की!"

बोललो असतो हो. पण एकाने फवारलं तर सगळ्या गटाचं अनुदान बंद होतं. शिक्षेचं मला काही वाटत नाही, साहेब. माझ्यापायी अकरा घरं भरडली जातील, याचीच धास्ती वाटते; म्हणून हे पत्रही टपालात टाकणार नाही.

आपला दमलेला,
गटप्रमुख