पटावरच्या मुली

घाटकोपर,
बुधवार, ता. १९ मार्च १९५८

ती. श्यामकांत भावोजी यांस,

सुलक्षणाचा नमस्कार. आपलं पत्र सोमवारी मिळालं. इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठीक. अण्णांचा खोकला थांबला आहे. संध्याकाळी फिरायला जातात, फक्त टेकडीकडचा चढ टाळतात. जयंतीची सातवीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सौ. उत्तराबाईंनी तिच्या फ्रॉकचं माप मागितलं होतं, ते वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे. दिवाळीतल्या मापानं शिवू नये, उंची बरीच वाढली आहे.

आता आपण विचारलंत त्याविषयी. आपण लिहिलंत, "आकड्यांचं शास्त्र तू शिकलीस, तेव्हा निवाडा तूच कर. तुमच्याकडची शाळा खरोखर सरस असेल, तर आमची जयंती मॅट्रिकपर्यंत तुझ्याकडेच राहील. नसेल, तर जूनपासून आम्ही तिला पुण्याला आणू." अट योग्य आहे. त्याप्रमाणे मी तीन शाळा तपासल्या.

अंधेरीची नन्सची इंग्रजी शाळा पहिली. तिथल्या मुलींना कॉलेजात पहिल्या दिवसापासून व्याख्यान समजतं, हा मोठाच फायदा. आपल्या शाळांत इंग्रजी आठवीत सुरू होतं आणि फर्स्ट इयरला प्रोफेसर सगळं इंग्रजीतून बोलतात. माझी स्वतःची पहिली सहामाही नुसती फळ्यावरचं उतरवून घेण्यात गेली. पण सिस्टर म्हणाल्या की मराठीतून आलेल्या मुलीला दोन इयत्ता खाली बसवतात. लहान मुलींमध्ये बसणं जयंती सहन करणार नाही. ती शाळा मी सोडून दिली.

राहिल्या दोन. घाटकोपरच्या मुलींच्या शाळेतून गेल्या वर्षी एस.एस.सी.ला एकतीस मुली बसल्या, एकोणतीस पास झाल्या, चोवीस कॉलेजात गेल्या. म्हणजे शेकडा सत्त्याहत्तर. आपण पुण्याच्या शाळेची जी माहिती पाठवलीत, तिच्यानुसार तिथून अठ्ठावन्न बसल्या, चव्वेचाळीस पास झाल्या, सदतीस कॉलेजात गेल्या. शेकडा चौसष्ट. फी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. प्रयोगशाळा घाटकोपरची बरी आहे.

फरक स्पष्ट आहे. माझ्या मते जयंतीनं इथंच राहावं.

शाळा घरापासून जवळ आहे, तिच्या दोन मैत्रिणी त्याच शाळेत जाणार आहेत, आणि अण्णांना तिची सवय झाली आहे. या गोष्टी मी निष्कर्षात धरलेल्या नाहीत.

रविवार, ता. २३ मार्च

हे पत्र गुरुवारी टपालात टाकायचं होतं. कारखान्यातून निघायला उशीर झाला. शुक्रवारी पाडवा. राहिलं ते बरं झालं. वरचा मजकूर फाडलेला नाही. माझं कुठं चुकलं ते आपल्यालाही दिसावं.

आमच्या खालच्या मजल्यावर धाकू फिटर राहतात. मूळचे मालवणकडचे. त्यांची शेवंती याच शाळेत अकरावीत, म्हणजे एस.एस.सी.च्या वर्गात आहे. चार घरी विचारून, पोटाला चिमटा काढून त्यांनी तिला तिथं घातलं होतं. काल सकाळी मी भांडुपला कारखान्यात निघाले, तर शेवंती अंगणात खाट टाकून पापड वाळत घालत होती.

"आज तुझा भूमितीचा पेपर ना गं?" मी विचारलं.

"तो पास होणाऱ्यांचा, ताई," ती म्हणाली. "आम्ही पापडाच्या परीक्षेला बसलोय. वर्तुळं बघा कशी झकास आलीत."

तिची आई दारातून बोलली, "बाई म्हणतत, ह्या वर्सा रवांदे. शाळेचो निकाल बिघडतलो."

चाचणी परीक्षेत शेवंतीला गणितात कमी मार्क पडले, म्हणून शाळेनं तिचा फॉर्मच भरला नाही.

दुपारी कारखाना सुटल्यावर मी वनमालाकडे गेले. ती माझ्या वर्गातली, गेली पाच वर्षं त्याच शाळेत शिकवते. गेल्या वर्षी अकरावीच्या पटावर किती मुली होत्या, एवढंच मी विचारलं.

"पट कशाला हवाय तुला? निकाल बघ ना," ती म्हणाली.

"निकाल पाहिलाय. पट सांग."

"सत्तेचाळीस होत्या. पण सुलू, ज्यांचे फॉर्म भरले नाहीत त्या कशाला मोजतेस? त्या बसल्याच नाहीत."

"वर्गात तर होत्या ना?"

"तू म्हणजे अगदी इन्स्पेक्टरच झालीस बाई. अगं, निकाल पडला तर पुढच्या वर्षी चांगल्या घरच्या मुली येतील का? मोठ्या बाई म्हणतात, नापास होऊन घरी बसण्यापेक्षा आधीच बसलेलं काय वाईट? पुढच्या वर्षी बसतात की त्यातल्या काही."

"काही म्हणजे?"

"तीन आल्या परत. बाकीच्यांची लग्नं झाली. चहा घेणारेस का नुसतीच उलटतपासणी?"

चहा घेतला.

कारखान्यात माझं काम असं, की बोल्टच्या प्रत्येक पेटीतून मूठभर काढून मोजमाप घ्यायचं आणि सगळी पेटी पाठवण्याजोगी आहे की नाही ते सांगायचं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. वाकडे बोल्ट आधी वेचून टाकून मग मूठ भरायची नाही. तसं केलं तर माल नेहमीच उत्तम निघतो. गेल्या महिन्यात एका मुलानं हेच केलं, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर बोलले.

घाटकोपरच्या सत्तेचाळीस मुलींपैकी चोवीस कॉलेजात गेल्या. शेकडा एक्कावन्न. पुण्याच्या मोठ्या बाई कुणाचाही फॉर्म अडवत नाहीत. तिथं पटावर साठ होत्या, त्यातली एक आजारी पडली, एकीचं लग्न झालं, बाकी सगळ्या बसल्या. साठांपैकी सदतीस, शेकडा जवळजवळ बासष्ट. हा पटाचा आकडा आपल्या पत्रात होता, भावोजी. बुधवारी तो माझ्यासमोर होता आणि मी घेतला नाही. त्याची गरज नाही असं मला वाटलं. असं मला का वाटलं, ते आपल्या लक्षात येईल.

शिवाय शेकडेवारी वर्गाची असते, आपल्याला एका मुलीचा विचार करायचा आहे. जयंती हुशार आहे, पण सावकाश आहे. समजल्याशिवाय पुढचं करत नाही. सहामाहीत गणितात तिला अडतीस मार्क होते, कारण शेवटची तीन उदाहरणं तिनं हातातच घेतली नाहीत. चौथ्यात अडली होती. घाटकोपरच्या शाळेत ती पापड वाळत घालणाऱ्यांत जाईल. पुण्याच्या शाळेत तिला बसू देतील. कदाचित एकदा नापास होईल, मग पास होईल.

तेव्हा माझा निवाडा पुण्याच्या बाजूनं आहे. वरचा बुधवारचा रद्द समजावा.

अण्णांना मी काल संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "तू बुधवारचं पत्र पाठवलं असतंस तर त्याला कुठं कळणार होतं?" मी म्हटलं, "नसतं कळलं." ते नंतर म्हणाले, "तेव्हा त्यानं हो म्हटलं असतं, तर ही वेळच आली नसती."

हा विषय मी आपल्याशी कधी काढलेला नाही. ताई गेल्यावर वर्षाच्या आत अण्णांनी आपल्याला विचारलं होतं. धाकटी बहीण घरात आहे, मूल तिच्या सवयीचं झालं आहे, हीच रीत आहे, असं सगळे म्हणत होते. आपण म्हणालात की सुलक्षणाकडे मी त्या दृष्टीनं कधी पाहिलं नाही, आणि रीत म्हणून लग्न करणं तिच्यावर अन्याय होईल. अण्णांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. ते सरळ बोलणं होतं. माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून माझं उत्तर काय असतं ते कुणाला सांगायचा प्रसंग आला नाही. पुढं दोन स्थळं आली तेव्हा मी नोकरीचं कारण दिलं. खरं कारण जयंती चार वर्षांची होती, हे होतं.

शाळेत तिच्या बाई मला "जयंतीच्या आई" म्हणतात. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करत असे. एकदा जयंतीच म्हणाली, "राहू दे ना मावशी, त्यांना कुठं माहितेय." तेव्हापासून मी दुरुस्त केलं नाही.

तिला मी आज सकाळी सांगितलं. हे काम मी दुसऱ्या कुणावर टाकणार नव्हते. ती वेणी घालून घ्यायला माझ्यापुढं बसली होती, त्यामुळं मला तिचं तोंड दिसत नव्हतं. आधी म्हणाली, "बाबांनी बोलावलं का?" मी म्हटलं, "नाही. त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी ठरवलं." मग शाळांचा हिशेब तिला समजेल असा सांगितला. तिनं सगळा ऐकला. म्हणाली, "परत एकदा करून बघ ना. तूच सांगतेस ना, उत्तर पटलं नाही तर परत करायचं."

मी कागद घेतला आणि तिच्यासमोर परत केला. ती प्रत्येक ओळ बघत होती. भागाकार तिनंच केला. उत्तर तेच आलं.

मग ती म्हणाली, "तुला मी नकोच होते," आणि अर्धी वेणी तशीच ठेवून अण्णांच्या खोलीत जाऊन बसली. जेवायला आली नाही. अण्णांनी मध्यस्थी करून पाहिली. मी नको म्हटलं.

आपल्याला एकच विनंती. पुण्याला आल्यावर ती माझ्याबद्दल काही बोलली, तर समजूत घालायला जाऊ नका. मावशीला तू हवी होतीस, असं सांगू नका. राग कुणावर तरी धरूनच ती त्या घरात पाऊल टाकणार आहे. तो आपल्यावर किंवा उत्तराबाईंवर असला, तर तिला तिथं राहणं कठीण जाईल. माझ्यावर असला तर कुणाचंच अडत नाही. उत्तराबाईंनी पहिले काही दिवस तिच्या वेणीला हात लावू नये, ती स्वतः येईपर्यंत थांबावं. येईल. ती सावकाश येते, पण येते.

परीक्षा संपली की लगेच न्यायला या. मे महिना इथं काढू देऊ नका.

सौ. उत्तराबाईंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
सुलक्षणा
(जयंतीची मावशी)