नाल्याच्या पात्रात दिलेल्या घरकुलाबाबत

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय, जिल्हा भंडारा.

विषय : घर नाल्यात आहे हे मान्य करून दुसरी जागा देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ जुलैचे पत्र, "सदर जागेवर नाला आढळून आला नाही."

महोदय,

१. अर्जदार फकिरा सोमा वलथरे, धंदा मासेमारी, राहणार मौजा पिंपळडोह, कळवितो की नाला आहे. तो टेकडीच्या पायथ्याशी निघतो, पळसांमधून उतरतो, गावचे मोठे शेतकरी मधुकरराव यांच्या धानाच्या बांध्यांना वळसा घालतो आणि अर्जदाराच्या स्वयंपाकघरातून गावतलावात जातो.

२. मधुकररावांनी वर बांध घालून पाणी आपल्या शेतातल्या बोडीत (तळ्यात) वळवले, तेव्हापासून दहा वर्षे पात्र कोरडे होते. लोक त्यातून बैलगाड्या नेत. आपले मोजणीवाले गेल्या वर्षी मे महिन्यात आले, त्यांनी 'पांदण रस्ता' लिहिले आणि तीच जागा घरकुलाला दिली. अर्जदाराला खरे ठाऊक होते. तो बोलला नाही, कारण बोलला असता तर घरकुलाच्या यादीतून नाव गेले असते. ही चूक त्याची.

३. यंदा जूनअखेर बांध फुटला. सकाळी घरात घोट्यापर्यंत पाणी आणि चुलीजवळ मासोळ्या. सून रंजू हसली, "मामाजी, आता जाळं कायले टाकता? दारात रांधायचा गंज ठेवा ना!" सर्वांनी त्या रांधून खाल्ल्या. अर्जदाराने आपले ताट बाजूला सारले. तलावातली मासोळी अंडी घालायला वर चढते ती नाल्यानेच. बांध होण्याआधी चाळीस वर्षे त्याने ती तिथेच धरली. मासोळी वाट चुकत नाही. चुकलो आपण दोघे.

४. आता मागच्या भिंतीखाली काठी घातली तर हातभर आत जाते. रंजूला नववा महिना आहे. आभाळ भरले की ती पाय खाटेवर घेऊन बसते. "मामाजी, पाणी वाढून राहिलं का जी?" अर्जदार म्हणतो, "नाही वं." खोटे बोलतो.

५. आपले बाबू म्हणाले, "बुढेबुवा, उन्हाळ्यात पुन्हा मोजून पाहू." उन्हाळ्यात तर अर्जदारही म्हणेल की नाला नाही. मोजायचे तर आज या, पाणी असताना. जमत नसेल तर एका कागदावर लिहून द्या की या घरात पाणी शिरणार नाही, खाली सही करा, शिक्का मारा. सही करताना हात अडला, तर तो कशाला अडला हे ओळखून जागा द्या.

आपला नम्र आणि भ्यालेला,
फकिरा सोमा वलथरे
दि. ११ ऑगस्ट

सोबत : सहीसाठी कोरा कागद, एक.