‘हो’ म्हणणाऱ्यांची गुणपरीक्षा

मार्गशीर्ष शु. ३, बुध., ४ डिसें.
नित्यपाठ आटोपून मृण्मयीची वाट पाहत बसलो. दहाला आली, हातात संत्र्यांची पिशवी. ही मुलगी मानसशास्त्राचा प्रबंध लिहीत आहे. आमची ‘गुणपरीक्षा’ नव्या काळाजोगी करण्याचे काम तिच्या मार्गदर्शकांनी तिला दिले आहे. कै. माणिकरावांनी चाळीस वर्षांपूर्वी ती रचली. शास्त्र त्यांचे, वाक्ये माझी. सत्त्व, रज, तम यांपैकी माणसात काय अधिक, हे छप्पन्न विधानांवरच्या ‘हो-नाही’वरून ठरवायचे. समुपदेशक आजही ती वापरतात.

आज बारा विधाने झाली. ‘तार आली तरी मी घाबरत नाही’ हे गेले. त्याच्या जागी ‘अनोळखी क्रमांकाचा फोन’ आला. ‘पाहुणा न कळवता आला तरी मला आनंद होतो’ यावर मृ. म्हणाली, “सर, न कळवता कोणी येतच नाही आता. पहिले मेसेज टाकतात, घरी आहे का म्हणून.” तरी ते विधान राहू दिले. हट्ट.

शु. ५, शुक्र., ६ डिसें.
मृ.चे चौथे प्रकरण वाचले. मी तेव्हा लोकांकडून घेतलेली उत्तरे व तिने आता कागद हाती देऊन मिळवलेली उत्तरे शेजारी शेजारी. निष्कर्ष : पूर्वीच्या माणसांत सत्त्व पुष्कळ, आताच्यांत उणे. मी प्रवचनांतून दुसरे काय सांगत आलो? दोनदा वाचले. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा. तो झाला की तिची महाविद्यालयातली जागा पक्की. चित्त प्रसन्न.

चंपाषष्ठी, शनि., ७ डिसें.
भरीत-भाकरीचा नैवेद्य करून मृ.बरोबर विणकरांच्या वस्तीत गेलो, नवी विधाने पारखायला. जुनी उत्तरे मी येथूनच घेतली होती. तेव्हा पुष्कळांना वाचता येत नसे. मी वाचावे, त्यांनी सांगावे. गिरजाबाई तेव्हा उत्तरे दिलेल्यांतल्या. माग केव्हाच गेला, मुलगा लकडगंजात कामाला. मृ. शेजारच्या घरी होती. मी ओट्यावर वाचू लागलो.

‘मला राग पटकन येतो.’ हो. चार विधानांनंतर, ‘मला सहसा राग येत नाही.’ हो. थांबलो.

“दोन्ही कसे, बाई?”

“तुमी म्हणून राहिले न, गुरुजी. खोटं असन का मंग?”

“आणि तेव्हा? पहिल्या खेपेला?”

“तवाही हो. आळीतल्या साऱ्यायनंच. तुमी मंदिरात पोथी सांगाचे, तुमाले नाही कोन म्हणन बाप्पा? माह्या सासूले तं आयकूच येत नोतं. तुमचं तोंड हाललं का हो म्हने.”

चहा घेतला. परतताना मृ.ला काही बोललो नाही.

शु. ७, रवि., ८ डिसें.
ट्रंकेतून जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. अक्षर माझे. वरपासून खालपर्यंत ‘हो’, परस्परविरुद्ध विधानांनाही. माणिकरावांना मी केवळ बेरजा दिल्या होत्या; ही पाने त्यांनी पाहिलीच नाहीत. आणि सत्त्वाची विधानेच अधिक, कारण ती लिहायला मला आवडत. म्हणजे ‘हो’ म्हणेल तो सात्त्विक. पाने घरातच होती. दिसले नाही, कारण बेरीज मनासारखी आली होती.

सौ.ला सांगितले. मेथी निवडता निवडता म्हणाली, “एवढ्यासाठी ट्रंक उपसली? मला विचारायचं. घरात मी तेच करते.”

गप्प राहिलो तर कोणास कळणार नाही. मुलीची जागा पक्की होईल, माझी प्रवचने खरी ठरतील. सत्य आणि प्रिय यांतले एकच हाती येते तेव्हा काय करावे, हे शिकवताना मी नेहमी घाईने पुढे जात असे…

शु. ८, सोम., ९ डिसें.
मृ.ला सांगितले. पाने पुढे ठेवली. बराच वेळ उलटत राहिली.

“सर, मग माझं चौथं प्रकरण गेलं न?”

गेले, म्हणालो.

“परवाच का नाही सांगितलं?”

लोभ, म्हणालो. निष्कर्षाचा. रडेल असे वाटले, रडली नाही. संत्रे सोलले, अर्धे मला दिले. मग, “हे लिहून द्याल? सहीनिशी?” दोन पाने लिहून दिली. पुष्कळ दिवसांनी अक्षर चांगले आले.

दत्तजयंती, शनि., १४ डिसें.
पुन्हा वस्तीत. मृ.चा नियम : ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिची मैत्रीण वाचून दाखवील आणि मी कोणाच्या नजरेसही पडायचे नाही. “सर, तुम्ही देवळात बसा. तुमचं तोंडच बघून घोळ होते.” देवळाच्या पायरीवर जप करीत बसलो.

मार्गदर्शकांचे उत्तर आलेले नाही. प्रकरण काढावे लागेल, नाहीतर वर्ष वाढवावे लागेल. मृ. म्हणते, ठरले की सांगते. पूर्वीची माणसे खरोखर सात्त्विक होती की नव्हती, हे आता कळण्याचा मार्ग उरला नाही. प्रवचनात तसे सांगावे लागेल. याचे दुःख शोधले. फारसे सापडले नाही.

तासाभराने गिरजाबाई आल्या, शेजारी टेकल्या.

“लय ठिकाणी नाही म्हटलं आज, गुरुजी.”

“कशाकशाला?”

“ते तुमाले काहून सांगू?”

पदर सावरून प्रसादाच्या रांगेत गेल्या.