अळीच्या पाठीवरची घाण

ता. ९, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस ना, की माझ्यासारख्या नुसत्या कपाटात मांडून ठेवतेस? आम्ही दोघी ठीक. तुझी लेक आत कपड्यांना इस्त्री करतेय, माझ्यासुद्धा, न सांगता. कुणी इतकं चांगलं वागायला लागलं की मला उगाच शंका येते, हे तुला माहीतच आहे.

त्या शंकेपायीच लिहायला बसलेय.

आमच्या कीटकगृहात तण खाणारे पानभुंगे वाढवतात. पानाच्या मागे अंडी, अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून सोन्यासारखा चकचकीत भुंगा. सगळी मदार अळ्यांवर, आणि गेल्या महिन्यात त्याच नाहीशा व्हायला लागल्या. मेलेल्या सापडल्या असत्या तर रोग म्हटलं असतं. पण पानं अर्धवट कुरतडलेली आणि अळीचा पत्ता नाही. त्याही फक्त तुझ्या लेकीकडे सोपवलेल्या कुंड्यांवरच्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली. तिची एक मैत्रीण दुसऱ्या संस्थेत हेच भुंगे वाढवायच्या खटपटीत आहे. शिवाय मी खोलीत शिरले की हिचा हात पटकन पर्समध्ये जायचा. मी पाळत ठेवली. ती आंघोळीला गेल्यावर पर्स चाचपायलाही कमी केलं नाही. आत एक बारीक कुंचला होता. ही बया तर कधी चित्रं काढत नाही. म्हणजे अळ्या उचलायलाच, असं मी धरून चालले.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिला पर्स टेबलावर रिकामी करायला लावली. कुंचला निघाला.

"हा कशाला?"

"अळ्या पुसायला," ती म्हणाली. "त्यांच्या पाठीवर केवढी घाण असते, साहेब. मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे घाण दिसली की साफ करायची, विचारत बसायचं नाही."

ताई, या अळ्या आपली शी आणि टाकलेली कात शेपटीवर गोळा करतात आणि छत्रीसारखी पाठीवर धरतात. त्यामुळे मुंग्या लांब राहतात. हिनं एकेकीला हलक्या हातानं स्वच्छ केलं आणि मुंग्यांनी त्यांना उचलून नेलं. मुंग्या आमच्याकडे कायमच्याच, अळ्यांना शिवत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. तिला हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि कुंचला लपवायची ती माझ्याच धाकानं, एवढ्याशा कामाला किती वेळ लावतेस म्हणून मी ओरडेन असं वाटून.

साहेब हसले, मग सगळेच हसले. नोकरी राहिली. ती मात्र खाली मान घालून कंगवा, रुमाल, तुझा फोटो असं एकेक परत पर्समध्ये भरत होती. मला तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, साहेबांना माझं नाव कुणी सांगितलं गं?"

मी म्हटलं, "कुंड्या भरणाऱ्या बाईंनी असेल. त्यांची नजर असते सगळीकडे."

त्या बाई रोज हिला स्वतःच्या डब्यातलं काढून देतात. काल त्यांनी डबा पुढे केला तेव्हा हिनं तोंड फिरवलं. त्या बिचाऱ्यांनी डब्याला परत झाकण लावलं, आणि मी समोर बसून चहा ढवळत होते. साहेबांच्या खोलीत मी गेले होते, ताई. मीच तिचं नाव घेतलं. सख्ख्या बहिणीची मुलगी, पण तिला आधी एका शब्दानं विचारलं नाही.

आताच तिनं आतून विचारलं, एवढं काय लिहितेस आईला? क्षणभर वाटलं, हिला सुगावा लागला की काय. बघ, खोड जाता जात नाही.

तिला सांगितल्याशिवाय हे पत्र टाकायचं नाही, असं मी ठरवलंय. तेव्हा ते तुझ्या हातात पडलं असेल, तर तिला सगळं कळलंय असं समज. त्यावर ती काय म्हणाली, ते तिलाच विचार. मी सांगितलं तर माझ्या बाजूनं सांगेन.

तुझी धाकटी,
आणि तिनं अजून म्हणू दिलं तर, तिची मावशी